ऐकणारीची खुर्ची

ग्रेचेन हाउगेनचा निकाल आला तेव्हा ती वाणसामानाच्या दुकानाबाहेर गाडीत बसली होती, मांडीवर अंड्यांचा खोका. एक डोळा घट्ट मिटून तिनं मेल उघडला. 'उत्तीर्ण' हा शब्द दिसला आणि ती अशी काही किंचाळली की शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना पोरी?"

ठीक? सगळा जन्मच ठीक झाला होता. फिजिशियन असिस्टंट व्हायचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली का होईना पण आपल्या हातानं रुग्ण तपासायचे, आपल्या सहीनं औषध द्यायचं, तर परवान्याची ही एक परीक्षा ओलांडावीच लागते. दिवसभर संगणकापुढे बसायचं, शेकडो प्रश्न, आणि नंतर निकाल येईपर्यंत जेवण गोड लागत नाही. ती नाही जमली तर कॉलेजातली सगळी मेहनत भिंतीवर टांगायच्या प्रमाणपत्रापुरती.

अंडी बाजूला ठेवून तिनं रोंडाला फोन लावला. रोंडा पेल्टिए म्हणजे तिची अभ्यासातली जोडीदारीण. ग्रेचेनपेक्षा बरीच मोठी, दोन पोरींची आई, मिनेसोटा राज्यात उत्तरेकडच्या टॅमरॅक लेक नावाच्या एवढ्याशा गावातल्या दवाखान्यात वर्षानुवर्षं रक्तदाब मोजण्याचं काम केलेली. दोघींनी परीक्षा एकाच आठवड्यात दिली होती.

"झालीस ना पास?" रोंडानं फोन उचलताच विचारलं. "बोल ना! झालीस ना?"

"झाले!"

"मला माहीतच होतं! ड्वेन, ऐकलंस का, ग्रेचेन पास झाली! आईला कळवलंस? आज काय गोड खाणार आहेस? नुसतं सॅलड खाऊन झोपू नकोस हं, मी ओळखते तुला."

"तुझं काय?"

"माझं ना? माझं नाही झालं गं." रोंडा हे अशा आवाजात म्हणाली, जणू बाजारात तिला हवी ती वांगी मिळाली नव्हती. "ते राहू दे. तीन महिन्यांनी पुन्हा बसता येतं. तू आज त्याचा विचार करायचा नाहीस."

"रोंडा..."

"आणि एक सांगू? तू एवढं जीव तोडून समजावलंस. रोजच्या रोज. इतकं छान समजावलंस, तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही, त्याला तू तरी काय करणार?"

रोंडा आणखी काहीबाही प्रेमानं बोलत राहिली, पण ग्रेचेनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. फोन संपला. शेजारचे आजोबा निघून गेले होते. या घटकेला तिनं आईला फोन करायला हवा होता, पण तिचा हात उचलेना.

कारण रोंडाच्या टाळक्यात का शिरलं नाही हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस मांडीशेजारी अंडी घेऊन बसलं होतं.

शेवटच्या सत्रात ब्रँडवोल्ड सरांनी अभ्यास कसा करावा याचे तास घेतले होते. ब्रँडवोल्ड म्हणजे सैन्यात जखमा शिवत शिवत या धंद्यात आलेला म्हातारा. बोलणं खरखरीत, मिशा त्याहून. "पिवळ्या पेनानं पुस्तक रंगवता ना? रंगवा. पुस्तक पास होईल, तुम्ही नापास," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग म्हणाले, वाचू नका, प्रश्न सोडवा. हृदय एका दिवशी, फुप्फुस दुसऱ्या दिवशी असं करू नका, सगळं एकत्र कालवा, कारण रुग्ण काही विषयवार येत नाहीत. उत्तर बरोबर आलं तरी बाकीची उत्तरं चूक का, ते तोंडानं सांगा. आणि जोडीनं बसलात तर फळ्याचं पेन हातोहाती फिरू द्या.

"फळ्याशी उभं राहून जो समजावतो तो शिकतो," ब्रँडवोल्ड म्हणाले होते. "समोर बसून मान डोलावतो त्याला आपण शिकलो असं नुसतं वाटतं. काहीच येत नाही असं ज्याला वाटतं, तो निदान घाबरून पुस्तक तरी उघडतो. मान डोलावणारा मजेत परीक्षेला जातो आणि तोंडावर आपटतो. कळलं?"

सगळ्या वर्गानं मान डोलावली. म्हातारा हसला.

ग्रेचेनला ते कळलं होतं, अगदी आरपार कळलं होतं. सुरुवातीला डुलुथ शहरातल्या वाचनालयातल्या काचेच्या खोलीत दोघी आलटून पालटून फळ्याशी उभ्या राहिल्याही. पण रोंडाची तऱ्हा न्यारी. तिला कुठलाही आजार माणसावाचून सांगताच येत नसे. "आमच्या गावात हर्ब म्हणून एक होता," अशी ती सुरुवात करायची, मग हर्बची बोट, हर्बची बायको, हर्ब जिन्यात कुठल्या पायरीवर थांबून धापा टाकायचा, आणि असं करत करत एकदाची हृदयापाशी पोचायची. तोवर ग्रेचेनच्या पायाला मुंग्या येत. तिच्या पोटात परीक्षेचा गोळा होता, आणि फळ्याशी आपण उभं राहून धडाधड बोलायला लागलं की तो गोळा तेवढ्यापुरता विरघळायचा.

एकदा रोंडा मूत्रपिंडावर टोप्यांसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथींपाशी अडली. ग्रंथी काम करेनाशा झाल्या की पोटॅशियम वाढतं की कमी होतं, आणि कातडी काळवंडते ती कधी? रोंडा फळ्याकडे पाहत ओठ हलवत उभी होती. ते उभं राहणंच औषध होतं. तशा अडण्यातूनच डोक्यात वाट पडते, असं ब्रँडवोल्ड कानीकपाळी ओरडून सांगत. ग्रेचेननं उठून तिच्या हातातून पेन घेतलं. "दे इकडे, मी पटकन सांगते."

त्यानंतर पेन ग्रेचेनकडेच राहिलं. काही दिवसांनी रोंडानं एकदा विचारलं, हलकेच, पर्स आवरता आवरता. "सर म्हणाले होते ना आलटून पालटून? उद्या थोडं मी घेऊन बघू का?"

"प्रत्येकाची पद्धत वेगळी असते गं," ग्रेचेन म्हणाली. "तुला ऐकून जास्त कळतं. मी बघितलंय ना."

तिनं असलं काहीएक बघितलं नव्हतं. ती थाप तिनं तिथल्या तिथे रचली होती. तिनं बघितलं होतं ते एवढंच, की सरावाच्या परीक्षांत आपले गुण आठवड्यागणिक वर सरकतायत आणि रोंडाचे होते तिथेच बसलेत.

"बरं," रोंडा म्हणाली होती.

मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला 'बरं' या शब्दाला काही तळ नाही. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा थंडीत गोठून मरणं पत्करतील अशी ती माणसं. ग्रेचेन स्वतः तिथलीच. त्या 'बरं'मध्ये काय काय भरलं होतं ते तिला न कळण्यासारखं नव्हतं. तिनं कळून घेतलं नाही, इतकंच.

शनिवारी ती लिंबाच्या वड्यांचं तबक घेऊन टॅमरॅक लेकला गेली. रस्ताभर तिनं वाक्य जुळवलं होतं. 'रोंडा, चूक तुझी नव्हती, माझी होती.' सोपं वाक्य. कुठे अडखळायला जागाच नाही.

दार ड्वेननं उघडलं. रोंडाचा नवरा, लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा, आणि बोलायचा ओंडक्याइतपतच. त्या दिवशी मात्र त्यानं दारातच ग्रेचेनचा हात हातात धरला. "तुझे उपकार आहेत बघ आमच्यावर. तू नसतीस तर ती परीक्षेपर्यंतसुद्धा पोचली नसती. सारखी म्हणायची, ग्रेचेन सांगते तसं कुणी सांगत नाही."

"अहो, तसं नाही..."

"आत ये, आत ये. ते तबक फ्रीजरमध्ये नको ठेवूस, जागा नाही. केक आहे."

केक गावानं आणवला होता. अग्निशमन दलाच्या सभागृहात टेबलं मांडून झाली होती, केकवर रोंडाचं नाव निळ्या क्रीमनं लिहून झालं होतं, आणि मग मेल आला. कापायचा कसा आणि टाकायचा कसा, म्हणून ड्वेननं तो हरणाच्या मांसाच्या पिशव्या बाहेर काढून आत कोंबला होता. गावाला घाई होती यात नवल नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचा, एरवी छातीत कळ आली तरी माणसं तासाच्या वर गाडी हाकत शहर गाठायची. दवाखान्यानं रोंडासाठी जागा धरून ठेवली होती.

"अजून एकदा बघू म्हणाले," रोंडानं कॉफी ओतता ओतता सांगितलं. "पण या वेळेला नाही झालं तर दुसरं कुणी शोधणार. त्यांचंही बरोबरच आहे. किती दिवस थांबतील बिचारे?" मग ती समोर बसली आणि तिनं विचारलं ते असं, की ग्रेचेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुला वेळ असेल तर मला पुन्हा एकदा समजावशील का? सगळं. पहिल्यापासून. तुझ्या परवान्याचे कागद येऊन काम सुरू होईपर्यंत?"

हीच ती घटका होती. वाक्य जिभेवर आलेलं होतं. ग्रेचेननं तोंड उघडलं आणि म्हणाली, "म्हणजे काय, समजावीन की!"

आणि तिनं समजावलं. पोरींचा जुना पांढरा फळा स्वयंपाकघरात टेकवून तिनं दुपारभर समजावलं, तळमळून, तीन रंगांत, आधी कधी समजावलं नव्हतं एवढं. अपराधी माणूस किती मेहनत करतो! रोंडा हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती आणि मान डोलावत होती. "अगदी लख्ख कळलं," ती शेवटी म्हणाली. परतीच्या वाटेवर ग्रेचेननं गाडी बाजूला घेतली, उतरली आणि बर्फाच्या ढिगाला एक लाथ घातली. बूट आत अडकला. तो उपसून काढेपर्यंत मोजा भिजून गेला, आणि तिला वाटलं, बरं झालं.

सोमवारी ती ब्रँडवोल्ड सरांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, ती थापसुद्धा. म्हातारा चष्मा पुसत ऐकत होता.

"म्हणजे पहिल्यांदा भीतीपोटी बोललीस आणि आता पश्चात्तापापोटी बोलतेयस," ते म्हणाले. "तिच्या दृष्टीनं फरक काय पडला?"

"मी काय करू सर?"

"हात मांडीखाली घेऊन बस. प्रश्न विचार आणि गप्प राहा. ती अडली तर अडू दे. चुकली तर तिचं तिला सापडेपर्यंत चुकू दे. तुझा जीव जाईल, जाऊ दे."

"आणि... तिला सांगू?"

"नाही सांगितलंस तर ती मठ्ठपणा शिकत बसेल. आपण मठ्ठ आहोत अशी ज्याची खात्री पटलीय तो प्रश्न नीट वाचतच नाही. सांगायलाच हवं." ब्रँडवोल्डनी चष्मा नाकावर चढवला. "आणि एक. तिथे जाऊन रडू नकोस."

"का?"

"ती पुस्तक मिटून तुझे डोळे पुसत बसेल. तिचा दिवस फुकट."

ग्रेचेननं कबूल केलं आणि शनिवारी जाऊन रडली. सांगताना रडायचं नाही एवढं लक्षात ठेवता ठेवताच रडू फुटलं. "मला माहीत होतं... तू अडलीस तेव्हा मी थांबायला हवं होतं... तुला ऐकून जास्त कळतं हे मी खोटं सांगितलं... मला फळा हवा होता, रोंडा, मला भीती वाटायची..."

"अगं, अगं," रोंडा उठली. तिनं कागदी रुमालांचा खोका आणला, ग्रेचेनच्या पाठीवरून हात फिरवला, ओव्हनमधून मांस-बटाट्यांची हॉटडिश काढून तिच्यापुढे ठेवली. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तुझंही वय लहान. एकटी राहतेस. मला दिसत होतं ना तू किती घाबरलेली असायचीस ते. मीच म्हटलं, बोलू दे तिला, तिला बरं वाटतंय तर..."

बोलता बोलता ती थांबली. तिचा हात ग्रेचेनच्या पाठीवर होता, तो तिनं काढून घेतला.

"थांब," ती म्हणाली. "मी तुला का समजावतेय?"

ग्रेचेननं हातातला रुमाल खाली ठेवला.

"मी दोन वेळा पेन मागितलं तुझ्याकडे. एकदा तोंडानं, एकदा नुसता हात पुढे केला होता, तू बघितलंस आणि फळा पुसायला लागलीस. मला वाटलं, हिला दिसतंय माझ्याच्यानं होणार नाही, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ही बोलत नाही. मला तर तुझं कौतुक वाटलं गं!" रोंडाचा आवाज चढला नव्हता, पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "परीक्षेत काय विचारलं ते सांगायची बंदी आहे, तर मी सांगत नाही. पण माहितेय काय व्हायचं? प्रश्न आला की मला तू दिसायचीस. कुठल्या बाजूला उभी होतीस, कुठल्या रंगानं लिहिलंस, मध्ये कशी खोकलीस. सगळं आठवत होतं. एक उत्तर सोडून सगळं! मी घरी येऊन पोरींना सांगितलं, तुमच्या आईचं डोकंच चालत नाही. पोरींना सांगितलं मी."

"मी काय करू, रोंडा? तू सांगशील ते..."

"ते पण मीच सांगू?"

टेबलावर लिंबाच्या वड्यांच्या तबकात एकच वडी उरली होती. त्या मुलखात शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी कापायची, मग त्यातली अर्धी, मग पाव, शेवटी भुगा उरतो आणि तो कुत्र्याला जातो. रोंडानं अख्खी वडी उचलली, उभ्या उभ्या दोन घासांत खाल्ली आणि हात झटकले.

"तिथे बस," तिनं स्वतःच्या खुर्चीकडे बोट केलं. "तोंड उघडायचं नाही."

अशा रीतीनं ग्रेचेन त्या खुर्चीत बसली. मांडीखाली हात खरोखरच घेतले होते. रोंडानं ग्रंथींपासूनच सुरुवात केली. "आमच्या चर्चमध्ये व्हर्ना नावाची बाई होती," ती फळ्याला सांगू लागली, "उन्हाळा सरला तरी तिचा रंग उतरेना. आम्ही म्हणायचो, फ्लोरिडाला जाऊन आली वाटतं चोरून..." ग्रेचेनच्या पायाला मुंग्या आल्या. पोटॅशियम, पोटॅशियम म्हण ना एकदाचं! रोंडा अडली, पुसून पुन्हा लिहिलं, उलटं लिहिलं, त्याच्याकडे टक लावून उभी राहिली. खुर्चीत बसलेल्या बाईनं जीभ दातांखाली धरली होती. आणि मग रोंडा स्वतःशीच म्हणाली, "नाही नाही. वरचा साहेबच, म्हणजे मेंदूखालची ती ग्रंथी, झोपला असेल तर तो ओरडत नाही, मग कातडी कशाला काळी पडेल? व्हर्नाच्या बाबतीत साहेब जागा होता, ओरडून ओरडून थकला, मूत्रपिंडावरची ग्रंथीच मेली होती. मीठ खायची ती बरणीतून, आठवलं मला. म्हणजे सोडियम खाली, पोटॅशियम वर." तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या प्रश्नाला लागली.

त्या खुर्चीतून सगळं किती सोपं दिसायचं! ग्रेचेन ऐकत असे आणि प्रत्येक वाक्याला तिला वाटे, हो, हे मला येतं. गाडीत बसल्यावर तेच स्वतःला सांगून बघायला गेली की मधलेच दुवे गळालेले असत. आपण रोंडाला महिनोन्महिने कशात बसवून ठेवलं होतं ते तिला दर शनिवारी नव्यानं समजायचं, आणि दर शनिवारी तिला स्वतःची नव्यानं किळस यायची.

एकदा तिला राहवलं नाही. रोंडा पित्ताच्या खड्यांशी झुंजत होती आणि ग्रेचेनच्या तोंडून उत्तर निसटलं. रोंडानं काही न बोलता मागचं दार उघडलं आणि गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्याकडे बोट दाखवलं. ग्रेचेन निमूट चालत गेली. आत ड्वेन बर्फाच्या भोकात गळ टाकून बसला होता.

"हाकललं का?" त्यानं विचारलं.

"हो."

"बस. मला तर आठवडाभर सोडत नाही. इथे येऊन सांगते, मी पळून जाऊ शकत नाही म्हणून. काल मासा साफ करताना त्याचं पित्ताशय दिसलं तर मी आधी खडा चाचपला." मग गळाकडे बघत तो म्हणाला, "मला सांगितलं तिनं. तुझं ते."

ग्रेचेननं बुटानं बर्फाचा चुरा भोकात लोटला.

"मी काय बोलणार त्यात," ड्वेन म्हणाला. "थर्मासमध्ये कॉफी आहे."

यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला परवडलं असतं.

मार्च सरला. ग्रेचेनचे कागद आले, डुलुथमधल्या एका तातडीच्या उपचारकेंद्रात ती कामाला लागली, तरी शनिवार तिनं सोडला नाही. रोंडा सरळ वागायची. कॉफी द्यायची, रस्त्यावर बर्फ आहे का विचारायची. फक्त पूर्वीसारखी थट्टा करत नसे, आणि ग्रेचेन काय खाते न खाते याची चौकशी तिनं बंद केली होती. निघताना ग्रेचेन दर वेळी दारात रेंगाळायची. "माफ केलंस ना गं मला?"

"अगं हो."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तर तिनं रोंडाचे दोन्ही हात धरले. "तू पास होईपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही. अन्न गोड लागत नाही मला. तुझं नाही झालं तर मी स्वतःला कधीच..."

रोंडा दमलेली दिसत होती. ती सकाळपासून फळ्याशी उभी होती. "होईल सगळं नीट," तिनं ग्रेचेनला धीर दिला. "तू काळजी करू नकोस." आणि ग्रेचेन मन हलकं करून गाडीत बसली.

परीक्षा झाली. कशी गेली ते ग्रेचेननं विचारलं, रोंडा म्हणाली, "बरी गेली." खोपटी केव्हाच ओढून किनाऱ्याला आणली होती, आता तळ्यावरचा बर्फही फुटला. ग्रेचेन उपचारकेंद्रात मुरगळलेले पाय बांधत होती, पोरांच्या कानांत बॅटरी मारून बघत होती, आणि खिशातला फोन थरथरला की तिच्या हातातलं काम गळून पडत होतं.

फोन आला तो एका गुरुवारी, दोन रुग्णांच्या मधल्या फटीत. पडद्यावर रोंडाचं नाव. ग्रेचेन औषधांच्या कपाटाच्या खोलीत शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

"झाले मी पास," रोंडा म्हणाली.

ग्रेचेन कपाटाला पाठ टेकून खाली बसली. छातीवरचं ओझं खरोखर कुणी हातानं उचलून नेल्यासारखं झालं. ती हसत होती, रडत होती, "हुश्श" म्हणत होती. "सुटले गं! सुटले मी, रोंडा! काय सांगू तुला, आता मला..."

"हो ना. म्हणून तर म्हटलं, लगेच सांगावं. आता नीट जेव."

"ड्वेन काय म्हणाला? नाचला असेल ना?"

"त्याला कुठे सांगितलंय अजून?" रोंडा म्हणाली. "तो धक्क्यावर बोट उतरवतोय. दिसतोय ना मला खिडकीतून. पोरी पण तिथेच आहेत. म्हटलं आधी तुला कळवावं, तुझा जीव टांगणीला लागला असेल. मेल आला तसा तुलाच फोन लावला."

ग्रेचेनचं रडू जागच्या जागी थांबलं.

खिडकीशी उभी असलेली रोंडा तिला दिसली. हातात तो मेल, समोर नवरा आणि पोरी हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई त्यांच्याकडे पाठ करून डुलुथमधल्या एका पोरीची समजूत घालतेय. आपल्या आनंदाचा पहिला घास तिनं आधी ग्रेचेनच्या तोंडात घातला होता, कारण शनिवारमागून शनिवार दारात रेंगाळून ग्रेचेननं तो मागितला होता. फळ्याचं पेन ओरबाडून घेतलं त्याची लाज ग्रेचेनला ठाऊक होती. ही लाज नवी होती, आणि ती अशी काही झोंबली की तिला बसवेना. ती उठून उभी राहिली. माफी मागायला, समजावून सांगायला, आपल्याला आता काय कळलं ते सगळं बोलून टाकायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"रोंडा, फोन ठेव," ती म्हणाली.

"अगं, काय झालं? रडतेयस का तू? हे बघ, माझ्या मनात आता काही..."

"ठेव फोन. ड्वेनला सांग जा."

"सांगते गं, तो कुठे पळून चाललाय? तू आधी मला सांग, तू..."

रोंडा बोलत असतानाच ग्रेचेननं फोन बंद केला.